सामूहिक शोक-उपासना : मागच्या बाकावरून परीक्षण

उपासनेला तारे द्यायचे नसतात, हे मला कळतं. पण ‘ती उपासना कशी झाली?’ असं विचारणारे फोन इतके आले की एकदा नीट लिहूनच टाकतो. अशी वेळ कोणत्याही मंडळीवर, म्हणजे चर्चच्या समाजावर, न सांगता येते आणि त्या दिवशी वडील मंडळाकडे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांकडे, विचार करायला एक संध्याकाळसुद्धा नसते.

माझी ओळख एवढीच, की मी आमच्या चर्चमध्ये साउंड बघतो. लग्नं, दफनविधी, नाताळ, शुभ शुक्रवार, सगळं मी मिक्सरच्या मागे उभं राहून ऐकलेलं आहे. तिथून उपासना वेगळीच दिसते. कोण मनापासून वाचतोय आणि कोण नुसता आवाज लावतोय, ते फेडरवरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवरच्या, बोटाला आधी कळतं. ही उपासना आमच्या मंडळीची नव्हती, त्यामुळे मला काही काम नव्हतं. तरी सवयीने शेवटच्या बाकावर, मिक्सरवरच्या मुलाच्या शेजारीच बसलो.

प्रसंग थोडक्यात सांगतो. वस्तीतली एक इमारत रात्री कोसळली. राहणारी कुटुंबं सगळ्या धर्मांची होती. अंत्यविधी ज्याचे त्याचे, ज्याच्या त्याच्या रीतीने झाले. त्यानंतरच्या आठवड्यात जवळच्या मंडळीने चर्चचं दार सगळ्यांसाठी उघडलं आणि ही उपासना ठेवली. बोलावणं साधं होतं : ‘प्रार्थनेला या, गप्प बसायला या, कुणी काही विचारणार नाही.’ आलेल्यांत निम्म्याहून जास्त लोक ख्रिस्ती नसावेत. कधी उभं राहायचं, कधी बसायचं हे ते शेजारच्याकडे बघून ठरवत होते.

सुरुवात मला फार आवडली. स्वागताचं भाषण नाही, मान्यवरांची नावं नाहीत, पडद्यावर फोटोंची चित्रफीत नाही. पाळकसाहेब मधल्या वाटेने चालत आले, वेदीकडे तोंड करून उभे राहिले आणि सरळ बायबलातलं ४४वं स्तोत्र वाचायला लागले. हे स्तोत्र ज्यांनी वाचलं नसेल त्यांना सांगतो, त्यात अख्खा समाज देवाशी भांडतो. आम्ही तुला विसरलो नाही, तुझा करार मोडला नाही, तरी आमचं हे असं का झालं? शेवटी तर देवाला थेट विचारतात की झोपलास का, जागा हो. शोकसभेला लोक सहसा २३वं काढतात, मेंढपाळाचं. ते सुंदरच आहे, पण ज्याचं घर ढिगाऱ्यात गेलं त्याला पहिल्याच मिनिटाला हिरव्या कुरणात नेऊन बसवलं तर तो मनातून उठून निघून जातो. इथे पहिल्या मिनिटाला तक्रार नोंदवली गेली. आमच्या पवित्र शास्त्रात १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाची आहेत. रविवारच्या उपासनेत त्यांतली किती ऐकू येतात, ते ज्याने त्याने आठवून बघावं.

प्रत्येक भागानंतर मंडळीने म्हणायचं एकच वाक्य होतं : ‘कोठवर, प्रभू?’ पहिल्यांदा पुढच्या दोन रांगाच बोलल्या. तिसऱ्या वेळी मागून आवाज आला आणि मिक्सरवरचा मुलगा दचकला, कारण हॉलच्या माइकचा मीटर लाल झाला होता.

मग नावं वाचली. या उपासनेतला सर्वांत चांगला भाग हा, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो.

नावं वाचणं हे काम लोकांना सोपं वाटतं. ते सोपं नाही. मी असे प्रसंग ऐकले आहेत की वाचणाऱ्याने आडनाव चुकवलं आणि तिसऱ्या रांगेत बसलेली आई मोठ्याने दुरुस्त करते आहे. इथे दोन वाचक होते, एक कॉलेजची मुलगी आणि एक निवृत्त शिक्षक. दोघांनी आदल्या दिवशी कुटुंबांना भेटून प्रत्येक नावाचा उच्चार विचारून घेतला होता, हे मला नंतर कळलं. धर्माप्रमाणे गट केले नव्हते. मजल्याप्रमाणे वाचलं, म्हणजे शेजारी शेजाऱ्याजवळच राहिला. ही कल्पना कुणाची होती माहीत नाही, पण त्या माणसाला माझा सलाम. एका बाळाचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं. तिथे आईचं नाव घेऊन ‘आणि तिची मुलगी’ असं वाचलं. वाचणाऱ्या मुलीचा आवाज तिथे थांबला, तेव्हा शिक्षकांनी घाईने पुढचं नाव घेतलं नाही. ते थांबले. तिने स्वतःच पुढे वाचलं.

तांत्रिक बाजू : दोन्ही वाचकांना स्टँडवरचे वायरचे माइक दिले होते. बरोबर केलं. कॉर्डलेस माइकची बॅटरी अशाच वेळी जाते आणि ‘हॅलो, हॅलो’ म्हणायची ती जागा नव्हे.

नावांनंतर पूर्ण तीन मिनिटं शांतता. छापील पत्रकावर ‘तीन मिनिटं’ असं लिहिलेलंच होतं, त्यामुळे कुणाला वाटलं नाही की पाळक पुढचं विसरले. त्या वेळात पंखे बंद केले आणि त्या मुलाने सगळे फेडर खाली घेतले, म्हणजे स्पीकरची घरघरसुद्धा गेली. मी त्याच्याकडे बघून मान हलवली. एक मोबाइल वाजला, कुणी मागे वळून पाहिलं नाही. बायबलातल्या ईयोबाने मुलंबाळं, सगळं गमावलं तेव्हा त्याचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही न बोलता, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं होतं. त्या मित्रांची चूक नंतर सुरू झाली, बोलायला लागल्यावर. आपल्या सभांमध्ये पहिले सात दिवस गाळून थेट त्यांच्या भाषणांवर येतात.

शास्त्रपाठ बायबलातल्या विलापगीत या ग्रंथाचा होता, आणि तोही पाचवा अध्याय पूर्ण. मला हे अनपेक्षित होतं. या ग्रंथातलं लोकांना माहीत असतं ते तिसऱ्या अध्यायातलं, देवाची दया रोज सकाळी नवी होते, ते. भिंतीवर टांगायला तेच निवडतात. बाकीचा ग्रंथ म्हणजे यरुशलेम पडल्यानंतरच्या जळक्या शहराचं रडणं आहे. पहिले चार अध्याय मूळ हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने बांधलेले आहेत. पाचव्यात वचनं बावीसच, पण अक्षरांचा क्रम सुटलेला. मला नेहमी वाटतं, रडता रडता माणसाची शिस्त तिथे संपली असावी. हा माझा अंदाज, पंडितांचं मत मी सांगत नाही. शेवटचं वचन तर देवाने आपल्याला कायमचं टाकलं की काय, या भीतीवरच संपतं. वाचकाने तिथेच पुस्तक मिटलं. वर गोड वचनाची पट्टी चिकटवली नाही.

आता संदेश, म्हणजे पाळकसाहेबांचं प्रवचन. याचे दोन भाग करतो, कारण ते दोन वेगळ्या माणसांनी दिल्यासारखे होते.

पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायावर होता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. येशू ऐकणाऱ्यांना विचारतो, ते अठरा जण यरुशलेमात राहणाऱ्या बाकी सगळ्यांहून जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हांला? आणि स्वतःच सांगतो, नाही. पडलेल्या इमारतीसमोर बसलेल्या लोकांना यापेक्षा नेमका उतारा पवित्र शास्त्रात दुसरा सापडणार नाही. पाळकसाहेबांनी उगाच लांबवलं नाही. ते म्हणाले, “गेल्या आठवड्यात या वस्तीत मी तीन वाक्यं ऐकली. देवाची इच्छा होती. त्यांचं काहीतरी पाप असेल. देव चांगल्यांनाच लवकर नेतो. येशूने या अठरा जणांबद्दल यांतलं एकही म्हटलेलं नाही. तुम्हीही म्हणू नका.” माझ्या पुढच्या बाकावर एक मावशी होत्या. त्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला आणि शेजारणीकडे बघितलं. शेजारीण खाली बघत होती. त्या दोघींमध्ये काहीतरी बोलणं झालेलं असणार.

पुढे येशूचा मित्र लाजर याच्या कबरेचा प्रसंग आला. लाजराची बहीण मार्था येशूला म्हणते की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरिया येते आणि तेच म्हणते. येशू दोघींनाही गप्प करत नाही, रागावत नाही. मरियेला आणि तिच्याबरोबरच्यांना रडताना पाहून तो स्वतः रडतो. थोड्याच वेळात तो लाजराला उठवणार आहे, तरीही रडतो. संदेश इथे संपला असता तर मी कौतुकाशिवाय दुसरं काही लिहिलं नसतं.

पण तो संपला नाही. दुसऱ्या भागात पाळकसाहेब क्षमेकडे वळले. २०१५मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात एका चर्चमध्ये शास्त्राभ्यास चालू असताना नऊ जणांना गोळ्या घातल्या गेल्या आणि दोनच दिवसांनी काही नातेवाइकांनी न्यायालयात आरोपीला ‘मी तुला क्षमा करते’ असं सांगितलं, ही गोष्ट त्यांनी सांगितली. गोष्ट खरी आहे, मोठी आहे. पण ते म्हणणारे स्वतः ज्यांचं माणूस गेलं ते होते आणि सगळ्याच नातेवाइकांनी तसं म्हटलं नव्हतं. पुलपिटावरून कुणी त्यांना ‘चला, आता तुमची पाळी’ असं सांगितलेलं नव्हतं. इथे ज्यांच्या घरची माणसं गेली ते पहिल्या दोन रांगांत बसले होते आणि त्यांच्यासमोर क्षमेचा दाखला ठेवणं म्हणजे गृहपाठ देण्यासारखं झालं. दुसरा दाखला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलचा दिला. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात ते जळालं आणि उरलेल्या भिंतीवर ‘पित्या, क्षमा कर’ असं कोरलं गेलं. हा दाखला खरं तर जास्त योग्य होता, कारण येशू क्रुसावर ‘त्यांना क्षमा कर’ म्हणाला होता, तिथे ‘त्यांना’ असं लिहिलेलं नाही, म्हणजे क्षमा मागणाऱ्यांत कोरणारेही येतात. हे सांगितलं असतं तर चाललं असतं. ते राहिलं.

माझ्या मते क्षमेचा विषय त्या संध्याकाळी घ्यायलाच नको होता. अजून चौकशीसुद्धा पूर्ण झालेली नव्हती. क्षमा कुणाला करायची, तेच माहीत नव्हतं.

संदेशात जे बिघडलं ते मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी मागायच्या, प्रार्थनेने पुष्कळ सावरलं. ही प्रार्थना एका बाईंनी केली, कागदावर लिहून आणलेली. काही मंडळ्यांमध्ये लिहिलेल्या प्रार्थनेला कमी समजतात, आत्म्याची नाही म्हणतात. अशा दिवशी लिहिलेलीच बरी. तोंडी प्रार्थना करणारा भावनेच्या भरात कुणाचं तरी नाव विसरतो आणि ते विसरणं त्या घराच्या कायम लक्षात राहतं. बाईंनी ढिगारा उपसणाऱ्यांसाठी मागितलं, शवागारात काम करणाऱ्यांसाठी मागितलं, जे त्या रात्री बाहेर होते म्हणून वाचले आणि आता झोपू शकत नाहीत त्यांच्यासाठी मागितलं. मग म्हणाल्या, “हे प्रभो, ज्यांनी तडे पाहिले आणि बोलले नाहीत, ज्यांनी न पाहता सही केली, त्यांना झोप लागू देऊ नकोस, जोपर्यंत ते खरं सांगत नाहीत.” चर्चमध्ये कुजबुज झाली. वडील मंडळातल्या एकाने घसा खाकरला. मला ते वाक्य योग्य वाटलं, आणि शास्त्राला धरून वाटलं. स्तोत्रकर्ते याच्या दसपट कडक मागतात.

इथे मला वेल्समधल्या अॅबरफॅनची आठवण झाली. २१ ऑक्टोबर १९६६ला कोळशाच्या खाणीचा टाकाऊ ढीग घसरून गावावर आला, १४४ माणसं मेली, त्यांतली ११६ मुलं होती. गावातलं बेथानिया चॅपल शवागार म्हणून वापरावं लागलं. ज्या बाकांवर बसून लोक गीतं गायचे, त्याच इमारतीत त्यांना आपली मुलं ओळखायची होती. मृत्यूचं कारण नोंदवताना एका बापाने मागणी केली की खाण मंडळाने जिवंत गाडलं, असं लिहा. पुढच्या वर्षी चौकशी न्यायाधिकरणाने दोष त्या मंडळावरच ठेवला. त्या बापाची मागणी मला प्रार्थनाच वाटते. माणसाने केलेल्या गोष्टीचं बिल देवाच्या नावावर फाडू नका, एवढंच तो म्हणत होता. या उपासनेतल्या त्या बाईही तेच म्हणाल्या.

संगीत. इथे मी कडक होणार, माझं क्षेत्र आहे. सुरुवातीचं ‘प्रभू, दया कर’ साथीशिवाय गायलं, एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी परत म्हणायचं. उत्तम. ज्यांना एकही गीत येत नव्हतं तेही दुसऱ्या वेळी गात होते. पण प्रार्थना सुरू झाली की कीबोर्डवाल्याने मागे ते लांबट, मऊ सूर धरून ठेवले, सिनेमात असतात तसे. त्या बाईंच्या शब्दांना त्याची गरज नव्हती. माणूस आधीच रडतोय, त्याला वाजवून रडवू नये. शिवाय त्यात रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, इतका होता की ‘सही’ हा शब्द मागच्या बाकावर धूसर आला. आणि शेवटचं गीत टाळ्या वाजवायचं! पुनरुत्थानाची आशा हवी, नक्की हवी, ती नसेल तर आम्ही तिथे जमलो कशाला? पण ती संथ चालीतही म्हणता येते. पहिल्या दोन रांगांमध्ये एकही हात टाळीला उठला नाही आणि तरुण गायकांना ते दिसत होतं. पुढच्या कडव्याला त्यांनीच टाळ्या थांबवल्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

बाकी व्यवस्था झटपट सांगतो. आत कॅमेऱ्यांना मनाई होती आणि ती पाळली गेली. दानाची थैली फिरवली नाही, मदतीची पेटी बाहेर फाटकापाशी होती. बाजूचं दार उघडं ठेवलं होतं, ज्याला सहन होत नव्हतं तो गुपचूप बाहेर जाऊ शकत होता. लहान मुलांसाठी शेजारच्या खोलीत चित्रं काढायची सोय होती, ही चांगली गोष्ट. एक त्रुटी : प्रार्थनेच्या विनंत्या चिठ्ठ्यांवर लिहायला सांगितल्या आणि नंतर त्या सगळ्या फळ्यावर लावल्या, नावांसकट. लिहिणाऱ्यांना हे आधी सांगितलेलं नव्हतं. एका चिठ्ठीत नवऱ्याच्या दारूबद्दल लिहिलेलं मी स्वतः वाचलं, आणि वाचायला नको होतं असं वाटलं. कुणीतरी पाळकसाहेबांच्या कानावर घातलं आणि अर्ध्या तासात फळा रिकामा झाला.

उपासनेनंतर चार कोपऱ्यांत चार माणसं उभी होती, ज्यांना वैयक्तिक प्रार्थना हवी त्यांच्यासाठी. माझ्या जवळच्या कोपऱ्यात एक तरुण होता. त्याच्याकडे एक बाई आल्या. म्हणाल्या, “मला प्रार्थना नको. मी देवावर रागावले आहे.” तो म्हणाला, “मग तेच त्याला सांगू या का, ताई? तुम्ही सांगा, मी फक्त उभा राहतो.” आणि बाईंनी सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. शेवटी त्याने ‘येशूच्या नावाने मागतो’ एवढंच म्हटलं आणि त्यांना आमेन म्हणायचा आग्रहही केला नाही. या मुलाला शिकवणाऱ्याला मी भेटू इच्छितो.

उपासनेची खरी परीक्षा नंतर असते. पहिल्या आठवड्यात सगळे येतात, मग घरं रिकामी पडतात. या मंडळीने त्याच दिवशी पत्रकाच्या मागे छापलं होतं की दर शुक्रवारी संध्याकाळी अर्धा तास चर्च उघडं राहील, उपदेश नसेल, एक विलापाचं स्तोत्र वाचलं जाईल आणि बाकी शांतता. मी अधूनमधून जातो. कधी वीस माणसं असतात, कधी पाच. एका शुक्रवारी ८८वं स्तोत्र होतं, जे अंधारावरच संपतं आणि पुढे काही सांगत नाही. तिथे आलेले एक आजोबा ख्रिस्ती नाहीत. त्यांची सून आणि नातू गेले. त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, “हे तुमच्या पोथीत आहे?” पाळकसाहेब म्हणाले, “आहे, काका.” ते दर शुक्रवारी येतात. त्यांना बाप्तिस्म्याचं कुणी विचारत नाही, आणि विचारू नये.

मी त्या उपासनेचा क्रम पाळकसाहेबांकडून मागून घेतला आणि आमच्या वडील मंडळासमोर ठेवला, म्हणजे वेळ आली तर हाताशी असावा. संदेश एकाच उताऱ्यावर आणि दहा मिनिटांत, कीबोर्ड फक्त गीतांना, चिठ्ठ्या बंद डब्यात : एवढे बदल सगळ्यांना मान्य झाले. ‘झोप लागू देऊ नकोस’ या वाक्यावर मात्र अडलंय. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं, शाप देणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. मी ५८वं आणि १०९वं स्तोत्र वाचून दाखवलं, ज्यांत दुष्टांना उघड शाप आहेत. त्यावर एकजण म्हणाले, ते जुन्या करारातलं, येशूच्या आधीचं आहे. आमच्या खजिनदार बाई तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, तो शाप नाही, झोप न लागणं म्हणजे सदसद्विवेक जागा असणं, ते तर आपण रोज आपल्यासाठीही मागतो. पुढच्या बैठकीत मत घेणार आहेत. माझं मत मी आत्ताच सांगून ठेवलंय : वाक्य राहू दे.